आजारी कुत्री, दवाखान्याचे बिल आणि आपली मैत्रीभावना



एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवते. तुमच्या घरातला मुका प्राणी आजारी पडला, त्याच्या उपचाराचा खर्च हजाराच्या वर गेला, आणि त्याच महिन्यात गावाकडून आपल्या माणसाच्या दुखण्याचा फोन आला, तर तुम्ही काय कराल? मला हा प्रश्न एश्बॉर्नमध्ये, आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून सोडवावा लागला. तो पूर्ण सुटला असे मी म्हणणार नाही. पण त्यातून धम्माबद्दल जे थोडे समजले ते तुम्हाला सांगावेसे वाटते, कारण परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता कुत्री-मांजरे आहेत, आणि हा प्रश्न आज ना उद्या त्यांच्याही दारात येणार आहे.

आमची लुना अकरा वर्षांची होती. चार वर्षांची असताना आम्ही तिला प्राण्यांच्या आश्रयगृहातून घरी आणले. गेल्या नोव्हेंबरात ती एकाएकी खूप पाणी पिऊ लागली. दिवसातून दोनदा भरायचे भांडे आम्ही सहा-सहा वेळा भरत होतो. सुरुवातीला आम्हाला ते चांगले लक्षण वाटले. मग एका रविवारी संध्याकाळी ती उलट्या करू लागली आणि वेस्टरबाखच्या काठावरून घरापर्यंत तिला उचलून आणावे लागले. रात्रीच तिला दवाखान्यात नेले. रक्त तपासल्यावर डॉक्टर बाई म्हणाल्या, मूत्रपिंडे निकामी होत आहेत. मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येईनाशी झाली की पाणी शरीरात टिकत नाही, म्हणून प्राणी सारखा पाणी पितो. आणि रक्तात दोष दिसेपर्यंत मूत्रपिंडाचे बहुतेक काम आधीच थांबलेले असते. तीन रात्री सलाईनवर ठेवले. बिल झाले एक हजार चारशे साठ युरो.

त्याच आठवड्यात नागपूरहून बाबांचा फोन आला. माझ्या आत्याचे डायलिसिस सुरू झाले होते. तिचाही मूत्रपिंडाचाच आजार. डायलिसिस सरकारी योजनेतून होते, पण खेड्यातून नागपूरला आठवड्यातून दोनदा जाणे-येणे, काही औषधे, आणि सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी हे घरातूनच जाते. बोलता बोलता मी लुनाचे सांगितले, आणि बिलाचा आकडाही सांगितला. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, आपल्या बापजाद्यांना कुत्र्याएवढंही पाणी मिळत नव्हतं. आणि तू कुत्रीला पाणी चढवायला एवढे पैसे लावलेस?"

तुमच्यापैकी काहींना हे बोलणे जुन्या वळणाचे वाटेल. मला तसे वाटले नाही. ते वाक्य मला आठवडाभर झोपू देत नव्हते, कारण ते खरे होते.

महाडच्या चवदार तळ्यावर कोण जाऊ शकत होते ते आठवा. गावातली गुरे तिथे पाणी पीत, कुत्री-मांजरे पीत, कोणत्याही धर्माचा माणूस पीत होता. फक्त आपल्याला मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तर सवर्णांनी ते तळे पंचगव्याने शुद्ध करून घेतले. जनावराचे शेण आणि मूत्र पवित्र, आणि माणसाचा हात अपवित्र! १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात गांधीजींची भेट झाली, तेव्हाही बाबासाहेबांनी हेच दुःख मांडले. जिथे आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षाही हीन वागवले जाते आणि प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला आपला मायदेश कसे म्हणावे, हा त्यांचा सवाल होता.

माझे आजोबा वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गावची मेलेली ढोरे ओढत असत. दुसऱ्याच्या गोठ्यातले जनावर मेले की निरोप यायचा आणि हातातला घास टाकून जावे लागायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि त्यांची नात रात्री दोन वाजता कुत्रीची लघवी पुसत बसली आहे. आईने हे व्हिडिओ कॉलवर पाहिले तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती बोलली काहीच नाही. पण ज्या कामातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले तेच काम मुलगी हौसेने करते आहे, असे तिला वाटले असावे.

तेव्हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. आपल्या समाजाच्या आठवणीत कुत्रा हा साधा प्राणी नाही. ज्याच्याही खालच्या पायरीवर आपल्याला उभे केले गेले, तो प्राणी आहे. मग त्याच्यासाठी आपण झिजायचे का?

मी यावर बराच विचार केला. शेवटी माझ्या लक्षात आले की चवदार तळ्यावर अपराध कुत्र्याने केला नव्हता. कुत्रा आला, तहान लागली म्हणून पाणी प्यायला आणि निघून गेला. अपराध होता पायऱ्या मांडणाऱ्यांचा. कोण वर, कोण खाली, कोणाच्या तहानेला किंमत आणि कोणाच्या नाही, हे जन्मावरून ठरवणाऱ्यांचा. आता आपण त्या पायऱ्या तशाच ठेवून फक्त कुत्र्याला आपल्या खाली ढकलले, तर आपली जागा बदलेल, पायऱ्या मात्र शाबूत राहतील. बाबासाहेबांचा लढा पायरी वर चढण्यासाठी नव्हता, पायऱ्याच मोडण्यासाठी होता.

राजगृहातले एक छायाचित्र तुम्ही नक्की पाहिले असेल. फेब्रुवारी १९३४ चे. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. आणि त्या सगळ्यांसोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा फोटो भिंतीवर आहे, पण टॉबीकडे आपण कधी नीट पाहिलेले नसते. महाडला जवळजवळ सात वर्षे झाली होती. मणिभवनातल्या त्या भेटीला तीन वर्षेही झाली नव्हती. या दांपत्याने पाचपैकी चार लेकरे लहानपणीच गमावली होती; गरिबी आणि आजार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. तरीही त्यांच्या घरात कुत्र्याला जागा होती, आणि कुटुंबाच्या फोटोतही होती. कुत्र्यामांजरांपेक्षा हीन वागवले जाते हे जगाला सांगणाऱ्या माणसाच्या मनात कुत्र्याबद्दल कडवटपणा आला नाही. यापेक्षा मोठे उत्तर मला सापडले नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांवरच्या प्रेमापुरती असते; तथागतांनी तिच्याही पुढे जायला सांगितले, ते म्हणजे सर्व जीवमात्रांवरची मैत्री. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली तेरावी प्रतिज्ञाही प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे लालनपालन करण्याची आहे. आपण ती दरवर्षी म्हणतो. घरात प्राणी आजारी पडेपर्यंत मी तिचा अर्थ 'कोणाला त्रास देऊ नये' एवढाच घेत होते. लालनपालन हा शब्द त्याहून जड आहे, हे मला त्या फरशीवर कळले.

पण इथे सावध राहायला हवे. प्राण्यावर प्रेम करणारा माणूस आपोआप करुणावान असतो, असे नाही. मुंगीला साखर घालणारा हात माणसाला पाणी नाकारताना आपण पाहिला आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या आपल्या तरुणांना गाईच्या नावाने मारहाण झाली. त्या कुटुंबाने पुढे २०१८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. आणि आपण ज्या देशात राहतो त्याचाही इतिहास पाहा. नाझी सरकारने नोव्हेंबर १९३३ मध्ये प्राणिसंरक्षणाचा कायदा केला आणि त्याचा मोठा गवगवा केला. त्याच सरकारने मे १९४२ मध्ये ज्यूंना घरात कुत्रा, मांजर, पक्षी पाळायला बंदी घातली. ज्यू वंशाचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्परर तेव्हा ड्रेस्डेनमध्ये राहत होते. त्यांना आपला लाडका बोका मारून घ्यावा लागला, आणि त्यांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. प्राण्यांवरचे ते प्रेम काय कामाचे, ज्यात माणसाचा द्वेष सहज मावतो?

म्हणून मी स्वतःला एक कसोटी लावते, आणि तुम्हीही लावून पाहा. या मुक्या जिवाची सेवा करताना माझे मन माणसांसाठी अधिक मऊ होते आहे, की माणसांपासून सुटण्याची मला एक सोय मिळाली आहे? कुत्रा उलटून बोलत नाही, उसने मागत नाही, लग्नाला बोलावत नाही. त्याच्यावर प्रेम करणे सोपे असते. आत्याच्या फोनला उत्तर देणे अवघड असते. लुनाच्या आजारपणात आत्याला फोन करायचा मी दोनदा टाळला, हे इथे कबूल करते.

आता पैशाचे बोलू. जर्मनीत पशुवैद्यकांचे शुल्क सरकारी नियमावलीने ठरते. लोक तिला 'गेओटे' म्हणतात. १९९९ नंतर तिची मोठी फेररचना झाली आणि नवे दर २२ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाले. कुत्र्याच्या साध्या तपासणीचा एकपट दर २३ युरो ६२ सेंट आहे. आजाराची गुंतागुंत पाहून डॉक्टर तिप्पटीपर्यंत आकारू शकतात. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तातडीच्या सेवेत दुप्पट ते चौपट दर लागतो, शिवाय ५० युरो तातडीचे शुल्क, आणि सगळ्यावर १९ टक्के कर. हिशेब करून पाहा: रविवारी रात्री नुसत्या तपासणीचे कमीत कमी ११५ युरो ७२ सेंट होतात. रक्त, सोनोग्राफी, सलाईन, औषधे यानंतर. एकपट दरापेक्षा कमी घ्यायची डॉक्टरांना सहसा मुभा नसते, म्हणून बिल पाहून त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. हप्ते मात्र अनेक ठिकाणी मिळतात. विचारायला लाजू नका. विमा घ्यायचा तर प्राणी तरुण आणि निरोगी असतानाच घ्या. आजार निघाल्यावर घेतलेला विमा सहसा त्या आजाराला लागू होत नाही. फक्त शस्त्रक्रियेचा विमा स्वस्त असतो, पण लुनासारख्या रेंगाळणाऱ्या आजारात त्याचा उपयोग नसतो. आम्ही कोणताच घेतला नव्हता.

हे बिल हातात धरून मला एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. इथे आपण स्वतः आजारी पडलो की विम्याचे कार्ड दाखवतो आणि घरी येतो. उपचाराला किती खर्च आला हे आपल्याला कळतही नाही. कुत्र्याला असे कार्ड नाही, म्हणून त्याच्या आजारात खर्च उघडा दिसतो. आणि आत्याच्या घरी प्रत्येक आजार असाच उघडा दिसतो. म्हणजे लुनाच्या बिलाने मला जो धक्का बसला, तो आपले गावाकडचे लोक दर महिन्याला सोसतात. बाबांच्या वाक्यातला खरा बोच तिथे होता.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचे लिहिले आहे: माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, रस्त्याकडेला विहिरी खोदल्या, झाडे लावली, आणि त्यांचा लाभ पशूंनाही आणि माणसांनाही. त्या लेखात माणूस की पशू असा झगडा नाही. दोघांची सोय राज्याने करायची आहे. आजचे कायदेही त्या दिशेने थोडे सरकले आहेत. १९९० पासून जर्मनीचा दिवाणी कायदा प्राण्याला वस्तू मानत नाही, २००२ मध्ये प्राण्यांचे संरक्षण इथल्या राज्यघटनेत आले, आणि भारताच्या संविधानात १९७६ मध्ये आलेल्या मूलभूत कर्तव्यांमध्ये सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे कर्तव्य आहे. पण अशोकाची ती सोय आपल्या काळात अपुरी आहे. म्हणून राज्याने सोडवायचा झगडा एका घराच्या पाकिटात येऊन पडतो, आणि पाकीट अशोकाचे नसते.

मग आम्ही काय ठरवले? दवाखान्यातून लुना घरी आल्यावर, घाई नसताना, मी, माझा नवरा आणि आमची मुलगी टेबलाशी बसलो आणि हिशेब लिहिला. पहिल्या ओळीत आत्याचे पैसे लिहिले, आणि पहिल्यापेक्षा वाढवून लिहिले. त्यांना हात लावायचा नाही. पुढच्या ओळीत लुनाचे: दर महिन्याची औषधे, मूत्रपिंडाच्या आजाराचा खास आहार, ठरावीक काळाने रक्ततपासणी. हे पैसे आमच्या उन्हाळ्याच्या सहलीतून आणि बाहेरच्या जेवणातून काढले. आणि शेवटी लिहिले की पुन्हा अवस्था बिघडली तर दवाखान्यात तीन-चार रात्री ठेवायचे नाही.

तुम्ही विचाराल, पायऱ्या मोडायच्या म्हणता, मग आत्या आधी का? आत्या माणूस म्हणून वरच्या जन्माची, असे मी मानत नाही. पण आत्याला डायलिसिसला जाता आले नाही तर तिचे आयुष्य थांबते, आणि जाता आले तर ती नातवंडांसोबत पुढची वर्षे जगू शकते. लुनाला पुन्हा सलाईनवर ठेवून काही आठवडे मिळाले असते, आणि ते पिंजऱ्यात, अनोळखी वासात. एकाच पैशाने कोणाचे किती दुःख हलके होते, ते पाहावे लागते. याच न्यायाने उलटही खरे आहे. थोड्या पैशाच्या औषधाने प्राण्याची मळमळ थांबत असेल, तर 'कुत्राच तर आहे' म्हणून ते औषध टाळणे हा निष्ठुरपणा आहे. करुणेला प्रज्ञेची जोड हवी असे आपण वंदनेनंतर ऐकतो. माझ्या घरी तिचा अर्थ एक वही आणि पेन असा निघाला.

आणखी एक गोष्ट वहीत लिहिता आली नाही, पण मनात लिहिली. पहिल्या वेळचे एक हजार चारशे साठ युरो मी सगळेच्या सगळे लुनासाठी खर्च केले नव्हते. त्यातला काही भाग माझ्या भीतीसाठी होता. 'आपण काहीच केले नाही' ही टोचणी नको म्हणून मी डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेले. कोणती गोष्ट तिला बरे वाटावे म्हणून आहे आणि कोणती निदान पक्के व्हावे म्हणून, हे मी विचारलेच नाही. तुम्ही विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

आता जे पैशाशिवाय देता येते त्याबद्दल. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी. तिथेच चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे. आजाऱ्याला काय सोसते आणि काय नाही हे ओळखावे. सेवा मैत्रीने करावी, लाभासाठी नको. मलमूत्र, थुंकी, उलटी यांची किळस नसावी. आणि वेळोवेळी धीर देता यावा.

हे पाचही गुण आमच्या स्वयंपाकघरात लागले. डॉक्टर बाईंनी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवले, तेव्हा नवऱ्याचे हात थरथरले आणि मुलीचे नाही. काय सोसत नाही ते शिकावे लागले. आपल्या घरातल्या लाडवातला मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो, कांदा-लसूण त्याच्या रक्ताला बाधतो, आणि आपल्या डोकेदुखीची आयबुप्रोफेनची गोळी तर कुत्र्याला कधीच द्यायची नाही. पाणी मात्र अडवायचे नाही. घरभर लघवी होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणारे लोक असतात. या आजारात ते जिवावर बेतते. आम्ही घरात तीन भांडी ठेवली आणि फरशी पुसत राहिलो.

आईच्या उतरलेल्या चेहऱ्याचे उत्तरही मला त्या प्रसंगात सापडले. घाण साफ करणे हे काम हलके नाही. भगवान बुद्धांनी ते स्वतःच्या हाताने केले. हलके होते ते जन्माने लादणे, नाही म्हणण्याचा हक्क हिरावणे, आणि ज्याने साफ केले त्यालाच घाण ठरवणे. आजोबा ढोर ओढत तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. मी पोछा उचलते तेव्हा मला कोणी सांगितलेले नसते. मी आईला हे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "तुझ्या आजोबांना विचारलं असतं ना, तरी त्यांनी जनावराला पाणी पाजलंच असतं. फक्त विचारायला हवं होतं."

मार्चमध्ये लुनाची अवस्था पुन्हा बिघडली. दोन दिवस तिने काही खाल्ले नाही. पाणी प्यायली तरी ते उलटून पडत होते. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता तिला जाऊ द्यायची वेळ आली आहे. जर्मन माणसे याला 'झोपवणे' म्हणतात. आपले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, म्हणून आम्ही अडखळलो. तुमच्यातले काही जण इथे माझ्याशी सहमत होणार नाहीत, आणि त्यांच्या शंकेचा मला आदर आहे. मी बाबासाहेबांच्या विवेचनाचा आधार घेतला. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तथागतांचा विरोध इच्छेला होता, असे बाबासाहेब सांगतात. पण 'गरज' हा शब्द फार सोयीचा आहे. कंटाळा, खर्च, सुट्टीचे तिकीट हे सगळे त्यामागे लपू शकते. या देशाचा कायदाही सबळ कारणाशिवाय प्राण्याला मारणे गुन्हा मानतो. म्हणून आम्ही तिघांनी एकमेकांना एकच प्रश्न विचारला: उद्या कोणी सगळे पैसे दिले, तरी आपण हेच ठरवू का? तिघांचेही उत्तर हो आले. तेव्हाच आम्ही डॉक्टरांना घरी बोलावले.

ती खिडकीखाली झोपली होती, जिथून टाउनुसचे डोंगर दिसतात. मुलीने तिचे डोके मांडीवर घेतले होते. इंजेक्शनच्या आधी मी बोट पाण्यात बुडवून तिच्या तोंडाशी नेले आणि तिने ते चाटले. आम्ही त्रिसरण म्हटले. तिला त्यातले काय कळले असेल? पण आमचा आवाज ओळखीचा होता.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आत्याची तब्येत विचारली. ती ठीक होती. मग लुनाचे सांगितले. पुन्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "शेवटी पाणी प्यायली का गं?" मी म्हटले, "हो बाबा, थोडंसं." ते म्हणाले, "बरं झालं. तहानलेलं जाऊ नये कोणी."

ज्यांच्या वडिलांना तळ्यावरून हाकलले गेले, त्या माणसाने एका कुत्रीच्या तहानेची चौकशी केली. माझ्यासाठी त्या दिवशीचा धम्म तेवढा होता.

तुमच्या घरात प्राणी असेल तर या आठवड्यात थोडे शांत बसा आणि आपली वही लिहून काढा: गावाकडच्या माणसाचे किती, या जिवाचे किती, आणि कुठे थांबायचे. संकटाच्या रात्री ते लिहिता येत नाही. आणि ज्या नातेवाइकाला फोन करायचा टाळत आला आहात, त्याला आजच फोन करा. दोन्ही कामे एकाच मैत्रीची आहेत.

नमो बुद्धाय. जय भीम.